चेलेस्ते रंगाचा धनी : एदोआर्दो बियांकी

सायकल मनाजोगी बनवून घ्यायची म्हटली की उंची, हातांची लांबी, बसण्याची पद्धत यांची मोजमापे ठरतात. चाके, गिअर, ब्रेक यांचा निर्णयही यथावकाश होतो. मात्र सांगाड्याला रंग कोणता द्यायचा, या प्रश्नापाशी भलेभले अडखळतात. मापे शरीरावरून घेता येतात. रंगाला असे काही माप नसते. सायकलच्या जगात या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर एका इटालियन कारागिराच्या नावावर जमा आहे. आकाशी आणि पिस्ता यांच्या सीमेवरचा तो रंग इटालियन भाषेत चेलेस्ते, म्हणजे आकाशाचा, म्हणून ओळखला जातो आणि तो देणाऱ्या कारागिराचे नाव होते एदोआर्दो बियांकी. गंमत अशी, की बियांकी या आडनावाचा इटालियन भाषेतील अर्थ ‘पांढरे’ असा होतो.

17 जुलै 1865 रोजी मिलान शहरात बियांकी यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि त्यांची रवानगी शहरातील मार्तिनित या अनाथाश्रमात झाली. सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या या संस्थेत मुलांना अक्षरओळखीबरोबरच हाताला काम शिकवण्याची परंपरा होती. पुढे प्रकाशन व्यवसायात मोठे नाव मिळवणारे आंजेलो रिझोली आणि चष्म्यांच्या उद्योगाचे साम्राज्य उभारणारे लेओनार्दो देल व्हेक्यिओ हेही याच आश्रमाचे विद्यार्थी. बियांकी यांनी खेळण्याच्या वयातच लोहारकामाला सुरुवात केली. शाळा फारशी झाली नाही. परंतु धातू कसा तापवावा, कसा वळवावा आणि कोठे थांबावे, याचे शिक्षण मात्र पक्के झाले.

व्हिया निरोनेवरील दुकान

1885 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, बियांकी यांनी मिलानच्या व्हिया निरोने या रस्त्यावर सात क्रमांकाच्या जागेत स्वतःचे छोटे दुकान थाटले. तेथे शस्त्रक्रियेची उपकरणे बनत, विजेच्या घंटा दुरुस्त होत आणि सायकलीही येत. या एकत्र नांदणाऱ्या कामांचा आज अचंबा वाटतो. पण तिन्हींना लागणारे कौशल्य एकच होते. अचूक मोजमाप, बारीक जोडकाम आणि गुळगुळीत अखेरचा हात. शस्त्रक्रियेच्या हत्याराला खडबडीत कड चालत नाही. हीच सवय त्यांनी सायकलीकडे नेली.

तो काळही सायकलीच्या भाग्योदयाचा होता. पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले, अशी जुनी उंच सायकल श्रीमंत तरुणांच्या धाडसाचे साधन होती. तिच्यावरून पडणे म्हणजे थेट डोक्यावर पडणे. 1885 मध्येच इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास समान चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बाजारात आणली. 1888 मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. या दोन्ही गोष्टींचे मोल इटलीत ज्यांनी लवकर ओळखले, त्यांत बियांकी अग्रभागी होते. बुटकी चाके, साखळी आणि हवेचे टायर यांचा मेळ त्यांनी आपल्या कारखान्यात घातला. मोठी जागा घेतली, कामगार वाढवले. याच मिलानमध्ये पिरेल्ली यांचा रबराचा कारखाना होता आणि 1894 मध्ये येथेच सायकलस्वारांनी इटलीचा टूरिंग क्लब स्थापन केला. शहर जणू सायकलीची वाट पाहत होते.

राणीची सायकल

1895 हे वर्ष बियांकी यांच्या आयुष्यातील वळणाचे ठरले. इटलीची राणी मार्गेरिता हिला सायकल शिकायची इच्छा झाली आणि त्यासाठी मोन्झा येथील राजप्रासादात बियांकी यांना पाचारण करण्यात आले. राणीचे वय तेव्हा 43 वर्षांचे. पायघोळ वस्त्रे, दरबारी शिष्टाचार आणि भोवताली सेवकांचा राबता. अनाथाश्रमात वाढलेल्या तिशीच्या कारागिराने या राणीला प्रासादाच्या उद्यानात तोल सांभाळायला शिकवले.

शिकवण्याबरोबरच तिच्यासाठी खास सायकल घडवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. पुरुषांच्या सायकलीची आडवी नळी घोळदार वस्त्रांना अडचणीची. ती नळी खाली उतरवून चढणे-उतरणे सुलभ करणे, साखळीत किंवा आऱ्यांत कापड अडकू नये म्हणून आवरण देणे, या गोष्टी आवश्यक होत्या. अशा बायकी घडणीच्या सायकली इंग्लंडमध्ये त्याआधी काही वर्षे बनत होत्या, त्यामुळे ती कल्पना बियांकी यांची मूळची म्हणता येणार नाही. तथापि, एका ठरावीक व्यक्तीच्या मापाने, तिच्या वस्त्रांचा आणि वावराचा विचार करून सायकल घडवणे, हे शिंप्याच्या कसबाचे काम होते. या कामगिरीमुळे बियांकी यांना राजघराण्याचे पुरवठादार म्हणून मान मिळाला. त्यांच्या सायकलीच्या पुढच्या नळीवर आजही दिसणारा मुकुटधारी गरुड हा त्याच नात्याची खूण सांगतो.

चेलेस्ते रंगाची सर्वांत लाडकी कथा याच प्रसंगाशी जोडली गेली आहे. राणीच्या डोळ्यांचा रंग बियांकी यांच्या नजरेत भरला आणि तोच त्यांनी तिच्या सायकलीला दिला, असे ही कथा सांगते. दुसरी कथा मिलानच्या आकाशाकडे बोट दाखवते. पावसानंतर स्वच्छ झालेल्या सकाळी लोम्बार्दीच्या मैदानावर जी फिकट निळाई पसरते, तिचा हा रंग, असे तिचे म्हणणे. तिसरी कथा अगदीच रोखठोक आहे. लष्कराच्या शिल्लक हिरव्या रंगात निळा आणि पांढरा मिसळून स्वस्तात हा रंग तयार झाला, असे ती सांगते.

या तीन कथा एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. लष्करी शिलकीची कथा युद्धकाळाशी किंवा त्यानंतरच्या काळाशी जुळते, तर राणीची कथा त्याच्या वीस वर्षे आधीची. शिवाय सवॉय राजघराण्याचा स्वतःचा निळा रंग होताच. 1911 मध्ये इटलीच्या फुटबॉल संघाने निळा सदरा अंगावर चढवला, तो याच राजरंगामुळे. तेव्हा दरबाराचा पुरवठादार निळ्याच्या जवळपास जाणारी छटा निवडतो, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. कंपनीला राणीच्या डोळ्यांची कथा अर्थातच सोयीची होती. ग्राहकाला रंगासोबत गोष्टही हवी असते, आणि शिलकी डब्याची गोष्ट कितीही खरी असली तरी ती कोणी दुकानाच्या दर्शनी भागात लावत नाही.

काळ्याच्या राज्यात फिकट रंग

या निवडीतील धाडस समजण्यासाठी त्या काळच्या रंगकामाकडे पाहायला हवे. सायकलीचा सांगाडा पोलादी नळ्या पितळेच्या झाळकामाने जोडून तयार होई. तो घासून स्वच्छ करायचा, त्यावर एनॅमलचे थर द्यायचे आणि प्रत्येक थर भट्टीत भाजून पक्का करायचा, अशी रीत होती. यासाठी काळ्यासारखा सोयीचा रंग नव्हता. डांबरी द्रव्यापासून बनणारे काळे एनॅमल उष्णतेत कडक होई, धातूला घट्ट धरी, गंजापासून वाचवी आणि जोडकामातील बारीकसारीक दोष पोटात घाली. धूळ, वंगण, चिखल, काहीही त्यावर चटकन दिसत नसे. म्हणूनच इंग्लंडपासून अमेरिकेपर्यंत सायकली काळ्या होत्या आणि आपल्याकडेही पिढ्यान्पिढ्या सायकल म्हटली की काळीच डोळ्यांपुढे येत असे.

फिकट रंगाचा हिशेब याच्या नेमका उलट. तेलाच्या आधाराने बनलेले फिकट रंग भट्टीत पिवळे पडण्याचा धोका असे. थर अधिक द्यावे लागत. जोडावर राहिलेला ओरखडा फिकट रंगाखाली लपत नाही, उलट उठून दिसतो. वंगणाचा एक थेंबही डाग होऊन बसतो. म्हणजे फिकट रंग निवडणाऱ्या कारखानदाराला आधी आपल्या झाळकामावर आणि घासकामावर भरवसा असावा लागतो. शस्त्रक्रियेची उपकरणे घडवलेल्या माणसाकडे तो होता, असे म्हणायला हरकत नाही.

याचा व्यापारी फायदाही मोठा होता. सायकलींची शर्यत पाहणाऱ्याला धावपटूचा चेहरा दिसत नाही. धुळीच्या लोटातून एक पुंजका येतो आणि क्षणात निघून जातो. त्या पुंजक्यात काळ्या सायकली एकमेकींत विरघळून जात. आकाशी सायकल मात्र शंभर पावलांवरून ओळखू येई. कोणतीही अक्षरे न वाचता निर्माता ओळखता येणे, ही गोष्ट जाहिरातीचे शास्त्र जन्मण्याच्या काळात अनमोल होती.

बंदी, शर्यत आणि वर्तमानपत्रे

सायकल राणीच्या उद्यानातून कामगाराच्या वस्तीत पोहोचायला वेळ लागला नाही आणि सत्ताधाऱ्यांना तिची भीती वाटायलाही. मे 1898 मध्ये पावाच्या महागाईने संतापलेले मिलानचे लोक रस्त्यावर उतरले. जनरल बावा बेक्कारिस यांनी तोफा लावून जमाव पांगवला. अधिकृत आकड्यानुसारच 80 च्या आसपास माणसे मरण पावली. लष्करी अंमल जारी झाला, तेव्हा त्या आदेशांत सायकल चालवण्यावरील बंदीचाही समावेश होता. सायकलवरून निरोप वेगाने पोहोचतात, ही धास्ती त्यामागे होती. तीनच वर्षांपूर्वी राणीने शिकलेले वाहन आता संशयित ठरले. राजा उंबेर्तो यांनी त्या जनरलला सन्मानित केले आणि त्याचा सूड म्हणून 29 जुलै 1900 रोजी मोन्झा येथेच एका अराजकवाद्याने राजाची हत्या केली.

बियांकी यांची सायकल या दोन्ही जगांत वावरत होती. तिच्यावर राजमुकुट होता आणि तिला घडवणारे हात कामगारांचे होते. शर्यतींच्या मैदानात या दोहोंची गाठ पडली. 1899 मध्ये जियान फर्नांदो तोमासेल्ली यांनी पॅरिसची ग्रां प्री जिंकली आणि बियांकी हे नाव इटलीबाहेर गेले. 1905 मध्ये मोटारी आणि सायकली बनवणारी कंपनी म्हणून उद्योगाची नव्याने रचना झाली. 1914 च्या सुमारास वर्षाला सुमारे 45 हजार सायकली, दीड हजार मोटारसायकली आणि एक हजार मोटारी, असा पसारा उभा राहिला होता.

इटलीच्या महाशर्यतीच्या जन्मकथेतही बियांकी यांचे नाव येते. ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’ हे मोठे दैनिक बियांकी आणि टूरिंग क्लब यांच्या साह्याने देशव्यापी शर्यत योजत आहे, याची कुणकुण प्रतिस्पर्धी अताला कंपनीच्या आंजेलो गात्ती यांना लागली. त्यांनी ती ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या क्रीडापत्राला कळवली. गाझेत्ताने हातात पुरेसा पैसा नसतानाही ऑगस्ट 1908 मध्ये शर्यत जाहीर करून टाकली आणि 1909 मध्ये पहिली जिरो धावली. गाझेत्ताचे पहिले अंक हिरव्या कागदावर निघाले होते, 1899 पासून तो कागद गुलाबी झाला. त्याच गुलाबी रंगाचा सदरा 1931 पासून जिरोच्या आघाडीवीराला मिळू लागला. रंगावरून ओळख घडवण्याची विद्या मिलानच्या हवेतच होती, असे यावरून वाटते. पहिली शर्यत अतालाच्या लुइजी गान्ना यांनी जिंकली. बियांकी यांना 1911 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी कार्लो गालेत्ती हे त्यांच्या सायकलीवर विजयी ठरले.

पहिल्या महायुद्धात रंग बदलला. 1915 मध्ये इटलीच्या बेर्सालिएरी पलटणींसाठी कारखान्याने घडीची सायकल तयार केली. लहान चाके, भरीव टायर, धक्के सोसणारी रचना, आणि पाठीवर बांधून डोंगर चढता येईल अशी घडी. शत्रूच्या नजरेत भरणार नाही, हीच लष्कराची रंगाची एकमेव अट होती. ज्या कारखान्याने ग्राहकाच्या नजरेत भरण्याची कला साधली, त्यालाच आता नजरेआड होणारी सायकल बनवावी लागली.

युद्धानंतर आकाशी पुन्हा झळकला, तो केवळ सायकलीवर नव्हे. 1920 च्या दशकात आलेल्या बियांकीच्या 350 सीसी मोटारसायकलीला आकाशी बाण अर्थाचे नाव मिळाले. थोर मोटारवीर तात्सिओ नुव्होलारी यांनी 1925 मध्ये मोन्झाची शर्यत तिच्यावर जिंकली, तीही मोटारीच्या अपघातातून उठून, अंग पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत.

1946

दुसऱ्या महायुद्धात मिलानवर बॉम्बवर्षाव झाला आणि 1943 मध्ये व्हियाले आब्रुत्झीवरील कारखान्याची मोठी हानी झाली. ऐंशीकडे झुकलेल्या बियांकी यांनी साठ वर्षांच्या श्रमाचे भग्नावशेष पाहिले. तरीही उभारणी पुन्हा सुरू झाली.

19 मार्च 1946 रोजी मिलान ते सान रेमो ही शर्यत झाली. युद्धकैदेतून परतलेले फाउस्तो कॉप्पी बियांकीच्या सायकलीवर होते. अंतिम रेषा सुमारे 147 किलोमीटर दूर असतानाच ते पुढे निघाले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाला तब्बल 14 मिनिटे मागे टाकून सान रेमोला पोहोचले. पडझड झालेल्या देशाला हा विजय आपल्याच उभारणीची ग्वाही वाटला. आकाशी सायकल हे त्या आशेचे चित्र बनले.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, 2 जून 1946 रोजी, इटलीच्या जनतेने कौल देऊन राजेशाही संपवली. ज्या घराण्याने बियांकी यांच्या नावाला मुकुट बहाल केला होता, ते सिंहासनावरून उतरले. पुढच्याच महिन्यात, 3 जुलै रोजी, मोटार अपघातात झालेल्या जखमांमुळे वारेसे येथे एदोआर्दो बियांकी यांचे निधन झाले. एक्याऐंशीव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले होते. कारभार मुलगा जुझेप्पे याच्याकडे गेला.

राजरंग म्हणून जन्मलेला चेलेस्ते राजासोबत संपायला हवा होता. तसे झाले नाही, कारण तोवर त्याची मालकी बदलली होती. कॉप्पी यांनी 1947, 1949, 1952 आणि 1953 मध्ये जिरो जिंकली. 1949 आणि 1952 मध्ये टूर द फ्रान्सही. 10 जून 1949 रोजी कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात पाच घाट ओलांडत 192 किलोमीटर ते एकटे पुढे राहिले. त्या दिवशीच्या प्रसिद्ध रेडिओ समालोचनात एकट्या माणसाची आघाडी सांगून झाल्यावर आधी सदऱ्याचा पांढरा-आकाशी रंग आला आणि मग कॉप्पी यांचे नाव. घराघरांत कान लावून बसलेल्यांना ते दृश्य दिसत नव्हते. रंगाचे नाव ऐकताच ते दिसू लागले. त्यांचे प्रतिस्पर्धी जिनो बार्ताली लेन्यानो कंपनीच्या हिरव्या रंगात असत, व्हिलिएर कंपनीने तांब्याची झळाळी निवडली होती. इटलीचे लोक सायकलवीरांचे पक्ष घेत, तेव्हा ते रंगांचेही पक्ष घेत.

छटेचा प्रश्न

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1955 मध्ये फियाट आणि पिरेल्ली यांच्या भागीदारीत मोटारींचा व्यवसाय ऑटोबियांकी या नव्या कंपनीकडे गेला. 1998 मध्ये मार्को पंतानी यांनी एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकण्याचा पराक्रम केला, तोही बियांकीच्याच सायकलीवर. बेर्गामो प्रांतातील त्रेव्हिल्यो हे कंपनीचे घर झाले.

या साऱ्या काळात चेलेस्ते मात्र एकसारखा राहिला नाही. कधी तो निळ्याकडे झुकला, कधी हिरव्याकडे, कधी त्यात राखाडी उतरला. रंगद्रव्ये बदलली, भट्ट्या बदलल्या, उन्हाने जुने सांगाडे फिके पडले. त्यामुळे जुनी बियांकी पुन्हा रंगवून घेणाऱ्यापुढे मोठा पेच असतो. नुसता चेलेस्ते म्हणून भागत नाही. कोणत्या वर्षाचा, हे ठरवावे लागते. जाणकार रंगारी अशा वेळी खोगिराच्या दांड्याखाली किंवा कंपनीच्या बिल्ल्यामागे, जेथे ऊन पोहोचलेले नसते, तेथील मूळ छटा शोधतो आणि तिच्याशी नवा रंग जुळवतो.

आज मापाची सायकल घडवून घेणाऱ्यासमोर शेकडो छटांचा तक्ता ठेवला जातो. त्यातील रंग मनात भरला तरी बियांकी यांच्या निवडीतील काही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. त्यांनी मुख्य रंग एकच ठेवला आणि जोडीला पांढरा, काळा व धातूची चकाकी यांवर भागवले. तो रंग पेलेल इतके खालचे काम स्वच्छ ठेवले. आणि एकदा निवडलेला रंग त्यांच्या कारखान्याने दर वर्षी बदलत्या फॅशनमागे जाऊन सोडून दिला नाही. राणीच्या डोळ्यांची कथा खरी असो वा नसो, सव्वाशे वर्षांच्या या सातत्यात अनाथाश्रमातून आलेल्या त्या कारागिराचा स्वभाव स्पष्ट दिसतो. आपल्या कामावर नाव कोरण्याआधी ते रंगावरून ओळखले जावे, ही त्याची जिद्द होती आणि ती सफळ झाली.